मतदानाची सक्ती कोणावर असावी?

प्रत्येक निवडणूक संपली की आमच्या पेठेत दोन-चार दिवस एकच चर्चा चालते. इतक्या लोकांनी मत दिले नाही, तेव्हा त्यांस दंड करावा, त्यांच्या सवलती बंद कराव्यात, सक्ती केल्यावाचून आपल्या लोकांस शिस्त लागावयाची नाही, असे म्हणणारे सज्जन पुष्कळ भेटतात. गमतीची गोष्ट अशी की, त्यांतील कित्येकांच्या बोटावर शाईचा ठिपका आम्हांस दिसत नाही. विचारले तर कोणी परगावी लग्नास गेलेला असतो, कोणाची यादीत नावाची चूक असते, आणि कोणी सरळ सांगतो की, “रांग मोठी होती, परत आलो.”

आम्ही राज्यशास्त्राचे पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाले आणि त्यानंतर वडिलांच्या वखारीत जे बसलो ते आजतागायत बसलो आहोत. तथापि वर्तमानपत्र वाचण्याचा व चार देशांची माहिती मिळविण्याचा छंद आहे, आणि साठी उलटल्यामुळे निवडणुकाही पुष्कळ पाहिल्या आहेत. आमच्या तरुणपणी एकवीस वर्षे पुरी झाल्यावाचून मत मिळत नसे. अठरा वर्षांची मर्यादा १९८९ साली आली. म्हणून मताचा अधिकार आम्हांस वाट पाहून मिळालेला आहे, आणि त्याविषयी दोन शब्द लिहिण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

धान्याच्या व्यापारात दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळखाव्या लागतात. सगळा माल काट्यावर आला की नाही ही एक, आणि काटा खरा आहे की नाही ही दुसरी. माल सगळा आला पण काटा खोटा असला तर शेतकरी बुडतो. काटा खरा असून अर्धा माल गाडीतच राहिला तरी शेतकरीच बुडतो. निवडणुकीचेही तसेच आहे. सर्वांनी मत द्यावे काय, व त्यासाठी सक्ती असावी काय, हा पहिला प्रश्न. दिलेल्या मतांतून प्रतिनिधी कोणत्या रीतीने निवडावेत, हा दुसरा. पेठेतील चर्चेत या दोहोंचा घोळ होतो, म्हणून आम्ही ते क्रमाने घेणार आहोत.

प्रथम एक शंका. सर्वांनीच मत दिले पाहिजे असा आग्रह तरी कशाला? पोत्यात नळी खुपसून आपण ओंजळभर दाणे काढतो आणि त्यावरून शंभर पोत्यांचा भाव ठरवितो. मग साठ टक्के लोकांच्या मतांवरून शंभर टक्क्यांचे मन का ओळखता येऊ नये? ही शंका वरवर बिनतोड वाटते. परंतु नमुना काढणारा मनुष्य नळी कोठे खुपसतो यावर सारे अवलंबून असते. केवळ वरच्या थरातला दाणा घेतला तर खालचा ओलावा कळत नाही. घरी राहणारे मतदार सर्व थरांतून सारखे राहिले असते तर काळजीचे कारण नव्हते. परंतु ते तसे राहत नाहीत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आमच्याच कर्नाटकात मंड्य मतदारसंघात ऐंशी टक्क्यांहून अधिक मतदान झाले, आणि बेंगळुरू शहराच्या मध्य, उत्तर व दक्षिण या तिन्ही मतदारसंघांत ते निम्म्याच्या थोडे वर जाऊन थांबले. त्याच वर्षी हैदराबाद मतदारसंघात ते निम्म्यापर्यंतही पोहोचले नाही. म्हणजे खेड्यातला शेतकरी उन्हात उभा राहून मत देतो आणि शहरातला शिकलेला, सुखवस्तू मनुष्य पंख्याखाली बसून देशाची चिंता करतो. त्यात आपण व्यापारी किती असतो, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे. निवडणुकीच्या निधीची पावती फाडण्यास आपण मागेपुढे पाहत नाही, किंबहुना सर्वच पक्षांस थोडे थोडे देऊन सर्वांशीच गोडी राखतो. देणगी देणारा हात मत देण्यास मात्र आळसतो.

आता सक्तीचा अनुभव इतर देशांत काय आला ते पाहू. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड प्रांताने १९१५ साली, आणि केंद्रीय निवडणुकीसाठी देशाने १९२४ साली मतदान सक्तीचे केले. १९२२ च्या निवडणुकीत तेथे साठ टक्क्यांहूनही कमी मतदान झाले होते. १९२५ मध्ये ते एक्क्याण्णव टक्क्यांवर गेले, आणि पुढे शंभर वर्षे नव्वदच्या आसपास वा त्याहून वर टिकले आहे. केंद्रीय निवडणुकीत सबळ कारणावाचून न जाणाऱ्यास वीस डॉलर दंड होतो. रक्कम तेथील मानाने क्षुल्लक आहे. परंतु शंभर वर्षांत ती लोकांच्या अंगवळणी पडली.

बेल्जियममध्ये १८९३ पासून सक्ती आहे. मात्र त्या देशाच्या फ्लँडर्स प्रांताने स्थानिक निवडणुकांपुरती ती काढून टाकली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिली ऐच्छिक निवडणूक झाली तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक असणारे मतदान सुमारे चौसष्टावर आले. नेदरलँड्सने १९७० साली सक्ती उठविली. १९६७ चे पंचाण्णव टक्के मतदान १९७१ मध्ये एकोणऐंशीवर उतरले. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाची कथा तर फारच बोधप्रद आहे. तेथे २०१२ साली मतदान ऐच्छिक केले. २०२१ च्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत निम्मेही मतदार आले नाहीत. पुढे २०२२ च्या सप्टेंबरात नव्या राज्यघटनेवर सार्वमत घ्यावयाचे ठरले, तेव्हा मतदान पुन्हा सक्तीचे केले. पंच्याऐंशी टक्क्यांवर लोक आले आणि त्यांनी मोठ्या बहुमताने ती घटना नाकारली. त्यास इतरही कारणे होती हे खरे. परंतु ओंजळभर नमुन्यावरून देशाचे मन कळले असे ज्यांस वाटत होते, त्यांस पोते उघडल्यावर निराळाच दाणा दिसला.

तेव्हा सक्तीने मतदान वाढते, यात आता वादास जागा उरलेली नाही. मग आपण ती का करू नये?

आपल्याकडे प्रयत्न झालाच नाही असे नव्हे. गुजरात विधानसभेने २००९ साली स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठी तसे विधेयक मंजूर केले. त्यास संमती मिळण्यास २०१४ साल उजाडले. २०१५ मध्ये शंभर रुपये दंडाचा नियम आला, आणि त्याच वर्षी ऑगस्टात गुजरातच्या उच्च न्यायालयाने अंमलबजावणीस स्थगिती दिली. बडोद्याच्या आपल्या सभासदांस हे सारे स्मरत असेल. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये विधी आयोगाने आपल्या २५५ व्या अहवालात सक्तीच्या विरुद्ध मत दिले होते.

आमचेही मत सक्तीच्या विरुद्धच आहे. परंतु त्याचे कारण सांगण्यापूर्वी आमचाच एक दोष वाचकांपुढे ठेवणे आम्हांस प्राप्त आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वखारीवर काम करणारे सात हमाल खानापूर तालुक्यातील एकाच वाडीचे होते. आठवडाभर बेळगावात राहावयाचे आणि एक दिवस गावी जाऊन यावयाचे, असा त्यांचा क्रम. त्यांची नावे अर्थातच गावच्या यादीत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी सायंकाळी त्यांचा मुकादम गादीपाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “अण्णा, उद्या आमास्नी सोडा. गावाकडं मतदान हाय.” निवडणूक पंचायतीची असल्याने शहरात सुटी नव्हती. हरभऱ्याच्या तीन गाड्या दारात उभ्या होत्या आणि आभाळ भरून आले होते. आम्ही म्हणालो, “अरे, तुम्हा सात जणांच्या मतांवाचून काय राज्य बुडणार आहे? उद्या गाड्या रिकाम्या करा, परवा खुशाल जा.” तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गाड्या रिकाम्या झाल्या, आमचे एकही पोते भिजले नाही, आणि तिकडे वाडीचा उमेदवार चार मतांनी पडला. वाडीच्या नळाची मागणी त्यामुळे मागे पडली ती पडलीच. मुकादमाने आम्हांस कधी बोल लावला नाही. मात्र पुढील उन्हाळ्यात आठवड्याचा हिशेब घेताना तो सहज म्हणाला, “अण्णा, बायकास्नी अजून वढ्यावरनंच पाणी आणाय लागतंय.” आम्ही खतावणीत मान घातली ती बराच वेळ वर केली नाही.

चार मतांनी उमेदवार पडला, आणि वाडीचे सात मतदार आमच्या वखारीत पोती उचलीत होते. हा हिशेब करावयास मॅट्रिकदेखील व्हावे लागत नाही.

एका मताने काय होते असे विचारणाऱ्यांसाठी मोठ्या निवडणुकांतील दाखलेही आहेत. २००४ साली आमच्या कर्नाटक विधानसभेच्या संतेमारहळ्ळी मतदारसंघात एक उमेदवार ४०,७५२ मते घेऊन निवडून आला आणि दुसरा ४०,७५१ मते घेऊन पडला. २००८ साली राजस्थानात नाथद्वारा येथेही जयपराजयात एकाच मताचे अंतर होते. पण आम्हांस हे दाखले आता लागत नाहीत. आमचा दाखला आमच्याच रोजकीर्दीत आहे.

त्या प्रसंगानंतर सक्तीची भाषा ऐकली की आमच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो. त्या दिवशी सक्तीचा कायदा असता तर दंड कोणास झाला असता? आम्हांस नव्हे, त्या सात हमालांस. ज्याने अडविले तो मोकळा आणि जो अडला तो गुन्हेगार! आज ऊस तोडण्यासाठी शेकडो कोस आलेली कुटुंबे, परराज्यातील बांधकामावरचे मजूर, लांबच्या गाड्यांवरील चालक, यांचे नाव एका ठिकाणी आणि पोट दुसऱ्या ठिकाणी असते. मतदानास न आलेल्यांच्या यादीत हेच लोक अग्रभागी सापडतील. त्यांच्याकडून शंभर रुपये वसूल करणे म्हणजे दिवसाच्या मजुरीवर नवा कर बसविणे होय.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण देणारे तेथील अर्धीच गोष्ट सांगतात. तेथे मतदान शनिवारी असते. टपालाने मत देता येते, दिवस उजाडण्यापूर्वी आगाऊ मत देता येते, आपल्या प्रांतातील कोणत्याही केंद्रावर जाऊन मत देता येते. दुर्गम भागात व रुग्णालयांत फिरती केंद्रे जातात. सरकारने आपले कर्तव्य आधी केले आणि मग नागरिकास त्याचे कर्तव्य विचारले. आपल्याकडेही पावले पडत आहेत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पंच्याऐंशी वर्षांवरील वृद्धांस व चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांस घरी बसून मत देता आले. परगावी राहणाऱ्या मजुरास तेथूनच मत देता यावे म्हणून निवडणूक आयोगाने एका यंत्राची योजना २०२२ च्या डिसेंबरात जाहीर केली. परंतु राजकीय पक्षांत एकमत न झाल्याने ती पुढे सरकली नाही. जोवर अशी सोय होत नाही, तोवर दंडाची भाषा ही उलट क्रमाची आहे.

दुसरे कारण असे की, सक्ती मनुष्यास मतदान केंद्रापर्यंत नेते. त्याचे मन तेथे नेत नाही. ऑस्ट्रेलियात पूर्वी उमेदवारांची नावे अक्षरानुक्रमे छापीत, आणि कंटाळलेला मतदार वरून खाली आकडे टाकून मोकळा होई. त्यामुळे ज्याचे नाव वर त्यास फुकटची मते मिळत. अखेर १९८४ पासून नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरविण्याची पाळी आली. आपल्या समाजास तर ही गोष्ट समजावून सांगण्याची गरजच नाही. पर्वात मनुष्य स्वेच्छेने अन्न सोडतो तो उपवास. शिधा नाही म्हणून उपाशी राहतो ती उपासमार. पोट दोघांचेही रिकामेच, पण पहिल्याच्या आत्म्याचे काही कल्याण होते. व्रत घ्यावयाचे असते. ते दुसऱ्याने लादले की त्याचे व्रतपण जाते.

तिसरे कारण साधे आहे. सक्ती करणाऱ्याने मतदारापुढे निवड तरी ठेविली पाहिजे. २०२४ साली सुरतेत एकच उमेदवार उरल्याने निवडणूक बिनविरोध झाली आणि तेथील लक्षावधी मतदारांस मत देण्याचा प्रसंगच आला नाही. त्याच वर्षी इंदूरला एका प्रमुख पक्षाच्या उमेदवाराने माघार घेतली, आणि ‘यांपैकी कोणीही नाही’ या रकान्यास २,१८,६७४ मते पडून तो रकाना दुसऱ्या क्रमांकावर आला. तो रकाना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयाने आपणांस मिळाला आहे. इंदूरचे ते दोन लाख अठरा हजार लोक कोणाच्या दंडाला भिऊन आले नव्हते. आपली नापसंती मोजली जावी म्हणून ते आपल्या पायांनी आले. आमच्या मते शंभर दंडांनी जे साधणार नाही ते त्यांनी साधले.

सक्तीच्या बाजूचा एक मुद्दा मात्र आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. सर्वांनाच यावे लागले तर मतदारांस घरातून आणण्यासाठी होणारा खर्च, गाड्या, जेवणावळी व पाकिटे यांचे महत्त्व कमी होईल, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. परंतु पाकीट केवळ आणण्यासाठी दिले जात नाही, बटण दाबण्यासाठीही दिले जाते. आणि तो रोग सक्तीने बरा होणारा नाही.

आता काट्याकडे वळू. आपली पद्धत अशी की, ज्यास सर्वांत अधिक मते तो विजयी. समजा, शंभर मतांपैकी चार उमेदवारांस तीस, सव्वीस, चोवीस व वीस मते पडली. तीसवाला निवडून येतो आणि सत्तर जणांचे मत दुसरीकडेच होते ही गोष्ट विसरली जाते. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेस पक्षास सुमारे ४५ टक्के मतांवर ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. २०१४ साली भारतीय जनता पक्षास ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळून बहुमत लाभले. ब्रिटनमध्ये २०२४ साली मजूर पक्षाने चौतीस टक्क्यांहून कमी मतांवर सहाशे पन्नासपैकी चारशेहून अधिक जागा जिंकल्या, आणि चौदा टक्के मते मिळविणाऱ्या एका नव्या पक्षाच्या पदरी अवघ्या पाच जागा पडल्या. यात कोणाही पक्षाचा दोष नाही; काटाच तसा आहे. जो पक्ष आज त्याचा लाभ घेतो तोच उद्या त्याचा तोटा सोसतो.

याउलट नेदरलँड्स व इस्राएल या देशांत पक्षास जितकी मते तितक्या जागा, असा प्रमाणशीर हिशेब असतो. न्यायाच्या दृष्टीने हा काटा अधिक सूक्ष्म. परंतु त्यावर एकही पारडे सहसा निर्णायक झुकत नाही. इस्राएलात एप्रिल २०१९ पासून नोव्हेंबर २०२२ पर्यंत पाच वेळा निवडणुका घ्याव्या लागल्या. बेल्जियममध्ये २०१०-११ साली सरकार बनविण्यास ५४१ दिवस लागले. आपल्या घटना समितीतही १९४९ च्या जानेवारीत काही सभासदांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला होता, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी निरक्षर मतदार व अस्थिर सरकारे या दोन अडचणी दाखवून तो मान्य केला नाही. दुसरीही एक उणीव आम्हांस वाटते. पक्षाच्या यादीतून निवडलेला प्रतिनिधी कोणत्याच गावाचा नसतो. आज गटार तुंबले वा रस्ता खचला तर ज्याच्या दारात जावे असा एक मनुष्य आपणांस ठाऊक असतो. तो काम करो वा न करो, पत्ता तरी असतो. ती सोय घालविणे आम्हांस परवडणार नाही.

या दोहोंमधील एक मार्ग आहे, आणि तो आपल्या देशास अपरिचितही नाही. मतदाराने एकाच नावावर खूण न करता पसंतीक्रमाने एक, दोन, तीन असे आकडे घालावयाचे. कोणासही निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास शेवटचा उमेदवार वगळून त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटावयाच्या. आणि असे करीत कोणी निम्म्यापलीकडे गेला म्हणजे तो विजयी. ऑस्ट्रेलियाच्या कनिष्ठ सभागृहात १९१८ पासून हीच रीत आहे. आपले राष्ट्रपती अशाच मतांनी निवडले जातात. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि आपले चिंतामणराव देशमुख हे प्रमुख उमेदवार होते. पहिल्या पसंतीत गिरींस ४,०१,५१५ व रेड्डींस ३,१३,५४८ एवढ्या मूल्याची मते पडली. विजयास ती पुरेशी नव्हती. तेव्हा बाकीच्यांची दुसरी पसंती मोजली गेली. देशमुखांच्या मतदारांची दुसरी पसंती बहुतांशी रेड्डींकडे गेली, आणि अखेर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. देशमुख पडले, परंतु त्यांस दिलेले मत वाया गेले नाही. शेवटच्या घटकेपर्यंत ते पारड्यात होते.

निरक्षरतेची अडचण आजही आहे, असे कोणी म्हणेल. पापुआ न्यू गिनी हा आपल्याहून मागासलेला देश. तेथे उमेदवार इतके असत की कित्येक सभासद पाचव्या हिश्श्याहूनही कमी मतांवर निवडून येत. त्या देशाने २००७ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून तीन पसंती लिहिण्याची पद्धत स्वीकारली. आमच्या बेळगावास तर उमेदवारांच्या गर्दीचा अनुभव कोणी सांगावयास नको. १९९६ साली सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी येथे लोकसभेच्या एका जागेस ४५६ उमेदवार उभे होते! त्या वर्षी नलगोंडा येथे ४८० होते. अशा गर्दीनंतर अनामत रक्कम वाढविण्यात आली, तरी २०१९ साली निजामाबादेस हळदीच्या शेतकऱ्यांनी अर्ज भरले तेव्हा १८५ उमेदवारांसाठी प्रत्येक केंद्रावर बारा यंत्रे जोडावी लागली. लोकांस काहीतरी सांगावयाचे असते आणि एका खुणेत ते मावत नाही, असा याचा आम्ही अर्थ घेतो.

तथापि कोट्यवधी मतदारांच्या देशाने एका दिवसात काटा बदलावा, असे आम्ही म्हणत नाही. बाजारात नवा काटा आला तर आपणही प्रथम आपल्याच मालावर तो तपासून पाहतो. म्हणून आमची सूचना आपल्या संघापुरती आहे.

आपल्या कार्यकारी मंडळाच्या पंधरा जागांसाठी प्रत्येक सभासद पंधरा मते देतो. परिणाम असा की, मोठ्या पेठेने एकजूट केली की पंधराही जागा तिच्याच होतात. समजा, तीनशे सभासदांनी मतदान केले, तर एकशे एक्कावन्न जणांचा गट सर्व जागा घेऊ शकतो आणि एकशे एकोणपन्नास जणांचा आवाज बैठकीत ऐकूच येत नाही. धाकटे व्यापारी सभेस येत नाहीत, अशी तक्रार आपण करतो; ते का येत नाहीत याचे एक कारण या आकड्यांत आहे. राज्यसभेची निवडणूक ज्या संक्रमणीय मताने होते तीच रीत आपण घेतली, तर तीनशे मतांस सोळाने भागून येणाऱ्या पूर्णांकात एक मिळविला की निवडून येण्यास लागणारी मते निघतात. ती होतात एकोणीस. म्हणजे कोणत्याही पेठेचे, कोणत्याही विचाराचे एकोणीस सभासद एकत्र आले की त्यांचा एक माणूस मंडळात बसेल. गणसंख्येअभावी सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी तीच सभा भरविण्याची जी आपली पुरातन प्रथा, तिला यामुळे थोडी तरी उतरती कळा लागेल.

आणि शेवटी सक्तीविषयी. आम्ही सक्तीच्या विरुद्ध आहोत असे वर म्हटले. ते पुरे खरे नव्हे. एक सक्ती देशात आजही आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली घातलेल्या १३५ ब या कलमान्वये लोकसभा व विधानसभेच्या मतदानादिवशी दुकानात, धंद्यात, कारखान्यात काम करणाऱ्या प्रत्येक मतदारास पगारी सुटी देणे धन्यास बंधनकारक आहे. रोजंदारीच्या मनुष्यासही त्या दिवसाची मजुरी द्यावयाची आहे. न देणाऱ्या धन्यास पाचशे रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. म्हणजे आपल्या कायद्याने सक्ती केली ती मतदारावर नव्हे, आपणांवर केली. आणि मतदारास दंड करा म्हणून ओरडणाऱ्या आपल्यापैकी कितीजण ती पाळतात?

म्हणून या वर्षीच्या वार्षिक सभेपुढे आम्ही असा ठराव मांडणार आहोत की, लोकसभा व विधानसभाच नव्हे, तर महापालिका, तालुका, जिल्हा व ग्रामपंचायतीच्या मतदानादिवशीही आपल्या सभासदांनी ज्या हमालाचे, मापाड्याचे वा दिवाणजीचे नाव त्या यादीत असेल त्यास मजुरीसह सोडावे. गाव लांब असल्यास एस्टीचे जाण्यायेण्याचे भाडे द्यावे. आणि त्या दिवशी माल न येईल अशी सूचना गाडीवाल्यांस आठ दिवस आधी द्यावी. आपल्या घरातील सुनालेकींची नावे यादीत आहेत की नाहीत हेही प्रत्येकाने पाहावे. पहिल्या निवडणुकीच्या वेळी, विशेषतः उत्तरेकडील राज्यांत, सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची पत्नी’ एवढेच सांगितले, म्हणून निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्यांची नावे यादीत ठेविली नाहीत. आज तसा संकोच उरला नाही. परंतु लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्याच यादीत राहून गेल्याची उदाहरणे आमच्या ओळखीच्या घरांतही आहेत.

आमचा तो मुकादम आता थकला आहे. त्याचा मुलगा आमच्या वखारीवर येतो. मागील पंचायत निवडणुकीच्या आदल्या दिवशी त्याने काही मागण्यापूर्वीच आम्ही सर्वांस बोलावून मजुरी व भाडे हातावर ठेविले आणि गाड्या दोन दिवस पुढे ढकलल्या. त्यात आमचे काही नुकसान झाले असेल. ते आम्ही खर्ची घातलेले नाही. जुन्या बाकीची ती फेड होती, आणि बाकी अद्याप पुरी फिटलेली नाही.

जय जिनेंद्र.